वेबसाइट निघाली, आता उचगावात पोहोचायची कशी?

वेबसाइट काढणं आता अवघड राहिलेलं नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एखादी मुलगी सुट्टीच्या चार दिवसांत पक्ष्यांची, परसबागेची, जुन्या नाण्यांची किंवा किल्ल्यांची वेबसाइट उभी करू शकते. खरं काम त्यानंतर सुरू होतं. दूरच्या कुणा अनोळखी माणसाने कधीतरी चुकून येऊन जाणं ही फार मोठी गोष्ट नाही. गावातल्या पन्नास माणसांनी महिन्यातून दोनदा आपणहून येणं, आपलं काही तिथे ठेवणं आणि शेजाऱ्याला सांगणं ही मोठी गोष्ट आहे. छंदाचं बहुतेक काम हाताने, पायाने आणि आसपास चालतं, त्यामुळे छंदाच्या वेबसाइटला हे पन्नास जण लागतातच. परसबागेचं रोप कुरिअरने मागवता येतं, पण शेजारणीने दिलेली फांदी लवकर जीव धरते.

हा प्रश्न तपासायला करवीर तालुक्यातलं उचगाव चांगलं आहे. कोल्हापूरच्या पूर्वेला, पुणे-बेंगळुरू महामार्ग आणि हुपरी रस्ता यांच्या सान्निध्यात ते वसलेलं आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभारलेली गांधीनगरची घाऊक कापडपेठ त्याला खेटून आहे. महामार्गाने एका अंगाला शिरोलीची औद्योगिक वसाहत लागते, दुसऱ्या अंगाला गोकुळ शिरगावची. शिवाजी विद्यापीठ आणि राजाराम तलाव फार लांब नाहीत. शहराच्या हद्दवाढीचा विषय निघाला की उचगावचं नाव त्यात येतंच.

म्हणजे एका नावाखाली इथे दोन प्रकारची वस्ती आहे. गावठाणात भावकी, तालीम, दूध संस्था, सेवा सोसायटी, एकमेकांच्या तीन पिढ्या ठाऊक असलेली घरं. भोवतालच्या कॉलन्यांत नोकरीधंद्यासाठी आलेली कुटुंबं. त्यांचा दिवस पाळीने किंवा दुकानाच्या वेळेने चालतो आणि शेजाऱ्याचं आडनाव कळायला त्यांना वर्ष लागतं. गावठाणात बातमी तोंडोतोंडी फिरते, कॉलनीत ती फोनवर फिरते. एकाच तऱ्हेने दोन्हीकडे पोहोचू पाहणारा माणूस निम्म्या गावाला मुकतो. कॉलनीतल्या माणसाला छंदाची गरज अधिक असते, कारण नव्या जागी ओळख व्हायला निमित्त लागतं. गावठाणातल्या माणसाकडे निमित्तं पुष्कळ असतात, पण ठावठिकाणा, जुनी माहिती आणि हातातलं कसब त्याच्याकडेच असतं. चांगली स्थानिक वेबसाइट या दोघांची गाठ घालू शकते.

वेबसाइटने गावात शिरायचं कसं, याचा एक मोठा धडा कोल्हापूर जिल्ह्याला फार पूर्वी मिळालेला आहे. १९९८ साली वारणानगर परिसरात ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं संगणकाने जोडायची, गावोगावी केंद्रं उघडायची, बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी माहिती सगळं शेतकऱ्याच्या दारात आणायचं, असा बेत होता. केंद्र आणि राज्य सरकारचं पाठबळ होतं, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची तांत्रिक मदत होती आणि वारणेच्या सहकारी साखर कारखान्याचं जाळं जागेवर तयार होतं. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे संशोधक तिथे पाहणीला गेले तेव्हा केंद्रांमधले संगणक मुख्यतः उसाच्या हिशोबासाठी वापरले जात होते. आपला ऊस किती टन भरला, बिल किती निघालं, खताची उचल किती झाली, तोड कधी मिळणार, एवढंच विचारायला शेतकरी येत होता. संशोधकांनी मग सात गावांत संगणक बाजूला ठेवून तीच माहिती साध्या मोबाइलवर एसएमएसने देऊन पाहिली. शेतकऱ्यांना ते अधिक पसंत पडलं.

काहींनी या प्रकल्पाकडे अपयश म्हणून बोट दाखवलं. ते पूर्ण खरं नाही. शेतकऱ्याने त्या यंत्रणेतून स्वतःच्या नावाची नोंद तेवढी नेमकी उचलली. बाकीची माहिती चांगली होती, पण ती कुणा एकाची नव्हती. छंदाची वेबसाइट काढणाऱ्याने हे पहिल्या दिवशी ध्यानात घ्यावं. गावाला नुसतं ‘माहितीचं भांडार’ देऊ केलं तर गाव आदराने मान डोलावतं आणि पुन्हा फिरकत नाही. ‘तुमच्या दारातल्या पपईची नोंद इथे आहे’ म्हटलं की माणूस फोन हातात घेतो.

छंदाच्या क्षेत्रात याचे जगभर दाखले आहेत. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने २००२ साली ‘ई-बर्ड’ सुरू केलं. पक्षी पाहा आणि विज्ञानासाठी नोंदी द्या, असं सुरुवातीचं आवाहन होतं. प्रतिसाद बेताचाच राहिला. काही वर्षांनी त्यांनी रोख बदलला. तुम्ही आजवर कोणते पक्षी पाहिले, कुठल्या तलावावर किती पाहिले, तुमच्या तालुक्यात कुणाची यादी मोठी आहे, हे प्रत्येकाला स्वतःच्या पानावर दिसू लागलं आणि नोंदींचा ओघ झपाट्याने वाढला. विज्ञानाला मिळायचं ते मिळालंच. ‘रॅव्हलरी’ ही विणकामाची वेबसाइट २००७ साली अमेरिकेतल्या एका जोडप्याने घरातून काढली. प्रत्येक विणकरणीला आपला स्वेटर, त्याची लोकर, सुईचा नंबर आणि कुठे चुकलं ते सगळं लिहून ठेवायला तिथे जागा होती. आत येण्यासाठी रांग लागली.

तिसरा दाखला धावण्याचा आहे. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ रोजी १३ जण पाच किलोमीटर धावले. शेवटच्या रेषेवर प्रत्येकाच्या हातात क्रमांक म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला लोखंडी वॉशर ठेवला गेला. वॉशर परत द्यायचा, नाव सांगायचं आणि घरी गेल्यावर आपली वेळ इंटरनेटवर बघायची. पुढे हाच ‘पार्करन’ वीसहून अधिक देशांत पसरला. तिथे मैदान आधी आलं. वेबसाइटने मैदानावर घडलेलं जपून ठेवलं आणि माणूस पुढच्या शनिवारी पुन्हा आला. उचगावात कुणी रविवारची सायकलफेरी सुरू केली तर तिलाही हा क्रम जसाच्या तसा लागू पडेल. आधी दहा सायकली रस्त्यावर याव्यात, संध्याकाळी त्या दहांची नावं आणि किलोमीटर पानावर दिसावेत.

मराठीत याची परंपरा मोठी आहे आणि तिचा पुरेसा अभिमान आपण बाळगलेला नाही. अजय गल्लेवाले यांनी १९९६ साली अमेरिकेत ‘मायबोली’ सुरू केली तेव्हा पडद्यावर मराठी अक्षर उमटवणं हेच एक काम होतं. ज्याच्या संगणकात तो फॉन्ट नसेल त्याला पडद्यावर नुसत्या खुणा दिसत. तरीही ती टिकली. त्यामागचं मोठं कारण पडद्याबाहेर आहे. गणेशोत्सव, दिवाळी अंक आणि पावसाळ्यातला वर्षाविहार यांमुळे नावं आणि चेहरे जुळले. मुंबई-पुण्याच्या आसपास एका दिवसासाठी माणसं जमतात, एकसारखे टी-शर्ट घालतात, जेवतात, गप्पा मारतात. घरी परतल्यावर तेच लोक वेबसाइटवर दुप्पट उत्साहाने लिहितात. ‘मिसळपाव’ या मराठी वेबसाइटच्या कट्ट्यांचंही तसंच. प्रसिद्धीवर पैसा ओतण्याची ऐपत यांच्यापैकी कुणाचीच नव्हती. माणसाने माणसाला आणलं.

‘आठवणीतली गाणी’ची वाट वेगळी होती. अलका विभास यांनी २००३ साली सुरू केलेल्या या वेबसाइटवर मराठी गाण्यांचे शब्द आहेत आणि सोबत गीतकार, संगीतकार, गायक यांच्या काटेकोर नोंदी. इथे मेळावा नाही, सहल नाही. तरी गाण्याच्या क्लासातली मुलगी, भजनी मंडळातल्या काकू, वाद्यवृंदातला निवेदक हे सगळे तिथे पोहोचतात, कारण अडलेला अंतरा तिथे सापडतो आणि तो बिनचूक असतो. वर्षानुवर्षं एकच काम नीट केल्याने झालेला हा प्रचार आहे. नव्या वेबसाइटला तो पहिल्या वर्षी मिळत नाही, पण पाचव्या वर्षी हवा असेल तर पहिल्या दिवसापासून शुद्धता पाळावी लागते.

डोंगरभटक्यांनी या दोन्ही वाटांचा मेळ घातला. डोंबिवलीच्या ‘ट्रेकक्षितिज’ संस्थेच्या वेबसाइटवर महाराष्ट्रातल्या शेकडो किल्ल्यांवर जायची वाट, पाण्याची टाकी आणि राहण्याची सोय लिहिलेली आहे. हे लिहिणारे स्वतः वर चढून आलेले असतात. मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघात २००२ पासून गिरिमित्र संमेलन भरू लागलं, तेव्हा राज्यभरातल्या अशा मंडळींना भेटायला हक्काची जागा मिळाली. कोल्हापूरला तर याचं बाळकडूच आहे. १६६० सालच्या जुलैमध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, त्या वाटेने दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड मोहिमा निघतात. मसाई पठारावरचं धुकं, गुडघाभर चिखल, ओढ्याला लागलेला दोर, वाडीवरच्या घरात मिळालेला चहा. एकदा जाऊन आलेला मुलगा पुढच्या वर्षी चार मित्र घेऊन येतो. ही मोहीम चालवणाऱ्या मंडळांना नाव पोहोचवण्याची चिंता क्वचितच पडते. जुन्या मोहिमांचे फोटो, नावं, वाटेतले बदल यांची नोंद मात्र बहुतेकदा कुणाच्या तरी फोनमध्ये पडून राहते आणि फोन बदलला की जाते. वेबसाइटला जागा आहे ती इथे.

लोकांना नवी करमणूक कळवायची कशी, यात कोल्हापूर तसंही मागे नव्हतं. बाबूराव पेंटरांनी १९१७ साली इथे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, तेव्हा सिनेमा हीच लोकांना नवलाई होती. पेंटर स्वतः चित्रकार, त्यांनी आपल्या चित्रपटांसाठी पोस्टरं केली. त्यांतलं ‘कल्याण खजिना’चं १९२४ सालचं पोस्टर हे भारतीय चित्रपटाचं आजवर टिकलेलं सर्वांत जुनं पोस्टर मानलं जातं. वाचनाचं तसंच. आजचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० साली ‘नेटिव्ह लायब्ररी’ म्हणून सुरू झालं. गाण्याचा देवल क्लब १८८३ सालचा. या संस्था वाढल्या त्या लोकांना बसायला, ऐकायला आणि स्वतः काही करून बघायला जागा दिल्यामुळे. ‘रंगबहार’ या कलासंस्थेची टाऊन हॉल बागेतली ‘मैफल रंगसुरांची’ आजही हेच करते. चित्रकार झाडाखाली बसून चित्र काढतो, मातीकाम करणारा समोर बसलेल्या माणसाचा चेहरा घडवतो, शेजारी गाणं चाललेलं असतं. बघायला आलेला शाळकरी पोरगा घरी जाऊन रंगपेटी काढतो. छंद पसरण्याचा याहून खात्रीचा मार्ग अजून सापडलेला नाही.

आता उचगावच्या हातातली साधनं बघू. समजा, इथल्या कुणी परसबागेची वेबसाइट काढली.

कोल्हापुरात पहिली सूचना येते ती ‘डिजिटल लावा’ अशी. डिजिटल म्हणजे फ्लेक्सचा फलक. वाढदिवस, निवड, स्पर्धा, श्रद्धांजली सगळं त्यावर येतं, आणि म्हणूनच नव्या वेबसाइटचा फलक त्या गर्दीत कुणाच्या नजरेत भरत नाही. परवानगी न घेता तो लावला तर १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदाही आड येतो. पैसे खर्चायचेच असतील तर तालमीच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेल्या चार ओळी अधिक वाचल्या जातात. तो फळा गावचा असतो, लिहिणारा माहितीतला असतो आणि मजकूर रोज बदलतो.

दूध संस्थेसमोरची सकाळ-संध्याकाळची रांग ही याहून भारी जागा. किटली हातात, फॅट लागेपर्यंत दहा मिनिटं मोकळी. तिथल्या भिंतीवर ‘मिरचीवर बोकड्या पडलाय? पानाचा फोटो पाठवा’ एवढंच लिहिलेलं कागदी पत्रक आणि खाली क्यूआर कोड असावा. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ साली मोटारीच्या सुट्या भागांसाठी काढलेली ही चौकोनी खूण २०१६ नंतर यूपीआयमुळे चहाच्या टपरीवर आणि भाजीच्या हातगाडीवर जाऊन बसली. ती कशी वापरायची हे आता कुणाला शिकवावं लागत नाही. एक काळजी मात्र घ्यायला हवी. लोकांना क्यूआर म्हणजे पैसे द्यायचे असं वाटतं, आणि फसवणुकीच्या बातम्या वाचून ते बिचकतात. म्हणून खुणेखाली ठळक अक्षरांत ‘पैसे लागत नाहीत’ असं लिहावं, आणि गावातल्या ओळखीच्या व्यक्तीचं नाव तिला विचारून द्यावं. कोड उघडल्यावर थेट मिरचीचं पान दिसावं. मुखपृष्ठ दाखवून ‘शोधा’ म्हटलं की रांगेतला माणूस फोन खिशात घालतो.

वर्तमानपत्राची ताकद अजून गेलेली नाही. कोल्हापूर हे ‘पुढारी’चं गाव, शिवाय इतर मोठ्या दैनिकांच्या आवृत्त्या. ‘आजचे कार्यक्रम’ या सदरात दोन ओळींची सूचना विनामूल्य येते, पण तिला कार्यक्रम लागतो. ‘वेबसाइट सुरू झाली’ हा कार्यक्रम नव्हे. ‘रविवारी सकाळी उचगावात बियाण्यांची देवाणघेवाण’ हा कार्यक्रम आहे, आणि त्याच्या बातमीत वेबसाइटचं नाव आपसूक छापून येतं. टोमॅटो एफएमसारख्या स्थानिक रेडिओलाही असंच काही घडणारं हवं असतं. पेपरवाल्याकडून अंकात पत्रक घालून घेण्याची पद्धत कॉलन्यांत अजून चालते, मात्र त्यावर क्लासेस आणि फर्निचरच्या सेलची गर्दी असते. पत्रकाच्या मागच्या बाजूला कोल्हापूरच्या हवामानाला धरून ‘कोणत्या महिन्यात काय लावावं’ याचा तक्ता छापला तर ते फ्रिजवर चिकटतं. नुसती जाहिरात रद्दीत जाते.

कोल्हापूरच्या गार्डन्स क्लबचं पुष्पप्रदर्शन हे या छंदाचं शहरातलं मोठं ठिकाण. तिथे बक्षीस मिळवणारे, नुसते बघायला येणारे आणि कुंडीची किंमत विचारणारे असे सगळे एका जागी भेटतात. नव्या वेबसाइटने आपला वेगळा मेळावा भरवण्याच्या आधी अशा जुन्या संस्थेच्या दारात एक टेबल मागावं. यात कमीपणा कसला? जुन्या संस्थेकडे जाणकार सभासद असतात आणि नव्या मुलांकडे फोटो काढायचा, नोंद ठेवायचा उत्साह असतो. दोघांनाही एकमेकांची गरज आहे.

बायकांची मंडळं हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत समर्थ दुवा. बचत गटाची बैठक, भिशी, संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू. परसबाग मुळात त्यांच्याच हातातली. हळदीकुंकवाला वाण म्हणून स्टीलची वाटी देण्याऐवजी पालक-मेथीच्या बियांची पुडी आणि त्यावर वेबसाइटचं नाव दिलं, तर एका दुपारी तीस-चाळीस घरांत ते पोहोचतं. महिन्याभराने ‘तुमची मेथी किती वर आली?’ असं विचारलं की फोटो येऊ लागतात. हे काम एखाद्या काकूंनी मनावर घेतलं तर कॉलेजच्या पोरांनी महिनाभर स्टेटस ठेवूनही होणार नाही इतकं होतं.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण ‘ग्रुप असताना वेबसाइट कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो आणि तो रास्त आहे. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आल्यानंतर डेटा स्वस्त झाला आणि गावोगावी ग्रुप हीच पंचायत झाली. ग्रुपची मर्यादा तेव्हा २५६ जणांची होती. २०२२ मध्ये ती आधी ५१२ आणि मग १,०२४ झाली. माणसं मावतात, पण माहिती मावत नाही. जूनमध्ये कुणीतरी शेवग्याच्या छाटणीबद्दल फार उत्तम लिहिलं, त्यावर सुप्रभातच्या शंभर फुलांचा थर बसला, आणि ऑक्टोबरमध्ये नव्या सभासदाने तोच प्रश्न विचारला. पुन्हा उत्तर द्यायला जाणकार कंटाळतात आणि एक दिवस गप्प होतात. ग्रुप ही विहिरीवरची बोलणी आहेत, वेबसाइटने गावाची वही व्हावं. ग्रुपमध्ये प्रश्न आला की वेबसाइटवरच्या नेमक्या पानाचा दुवा द्यायचा. उत्तर नवं असेल तर त्याच संध्याकाळी, लिहिणाऱ्याला विचारून आणि त्याच्या नावासह, ते पानावर चढवायचं. दोन्ही साधनं अशी जोडून चालवली तर एकमेकांना पोसतात. स्वतःचं अ‍ॅप काढायचा मोह टाळलेला बरा. आधीच भरलेल्या फोनमध्ये आणखी एक अ‍ॅप कुणी घेत नाही, आणि वेबसाइटला काही उतरवून घ्यावं लागत नाही ही तिची जमेची बाजू आहे.

शोधणाऱ्याला पान सापडावं म्हणून दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे मजकूर अक्षरांत असावा. आपल्याकडे सुंदर सजवलेल्या चित्रात सगळं लिहून ते चित्र फिरवण्याची सवय आहे. अशा चित्रातलं लिखाण गुगलच्या हाती नीट लागत नाही, डोळ्यांनी अधू माणसाच्या फोनला वाचून दाखवता येत नाही, आणि दोन वर्षांनी ते कुठे आहे हे कुणालाच कळत नाही. जुन्या ठरावीक फॉन्टमध्ये टंकलेलं मराठी साहित्य याच कारणाने वर्षानुवर्षं शोधात सापडत नव्हतं. युनिकोड रुळल्यावर ते दुखणं गेलं, चित्रांच्या रूपाने ते परत आणू नये. लोक बोलतात तेच शब्द शीर्षकात यावेत. बोकड्या, मावा, पिठ्या ढेकूण ही नावं आधी, शास्त्रीय नाव नंतर.

दुसरी गोष्ट गावाच्या नावाची. बेळगाव तालुक्यातही उचगाव आहे. मळेकरणी देवीचं, मराठी साहित्य संमेलन भरवणारं तेही मराठीच गाव. त्यामुळे नुसतं ‘उचगाव’ शोधलं की दोन्ही समोर येतात. पानोपानी ‘उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर’ लिहिलं तर घोळ टळतो. पत्ता तोंडी सांगता येण्याजोगा असावा हेही महत्त्वाचं. २०१४ पासून ‘.भारत’ हा देवनागरी पत्ता मिळतो. तो फलकावर छान दिसतो, पण बऱ्याच जणांच्या बोटांना इंग्रजी कळफलकाची सवय आहे, तेव्हा जमल्यास दोन्ही पत्ते घ्यावेत.

शाळांचं दार मोठं आहे. फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ जगभर होतो. भारतातले पक्षिनिरीक्षक २०१३ पासून त्यात उतरले. किमान १५ मिनिटं एका जागी थांबून दिसतील तेवढे पक्षी मोजायचे, इतका सोपा नियम. शिवाजी विद्यापीठाचा ८५३ एकरांचा परिसर आणि राजाराम तलाव एवढ्या जवळ असताना उचगावच्या शाळेला सहलीचा खर्चही नाही. मुलांनी केलेली यादी त्यांच्या शाळेच्या नावाने वेबसाइटवर आली की त्या रात्री प्रत्येक घरात आई-वडील ते पान उघडतात. मुलांची पूर्ण नावं, चेहरे, फोन नंबर मात्र टाकू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे, आणि कायदा नसता तरी ते बरोबरच होतं. पक्ष्याच्या घरट्याची नेमकी जागाही सांगू नये. ई-बर्ड धोक्यातल्या जातींची ठिकाणं मुद्दाम झाकून ठेवतं, कारण फोटोच्या हव्यासाने घरट्यावर गर्दी होते आणि पक्षी अंडी टाकून जातो. प्रसिद्धी वाढवताना ज्या जिवावर छंद उभा आहे त्याचंच नुकसान होऊ नये, ही जबाबदारी वेबसाइट चालवणाऱ्याची आहे.

दोन गोष्टींवर लोक उगाच पैसे घालवतात. एक, फेसबुकवर पैसे देऊन पोस्ट पुढे ढकलणं. लाइक दूरदूरचे येतात, रविवारी बियाणं घेऊन कुणी येत नाही. दोन, उद्घाटनाचा थाट. पाहुणे, हारतुरे, शाल-श्रीफळ होतं, फोटो छापून येतो, आणि पान उघडलं तर आत ‘लवकरच येत आहे’. वीस चांगली पानं तयार होईपर्यंत गाजावाजा करू नये. त्या वीसपैकी दहा तरी उचगावातल्याच दहा घरांची असावीत. ही दहा घरं पुढे पन्नास घरं आणतात.

उरतो टिकण्याचा प्रश्न, आणि तो प्रचाराइतकाच मोठा आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं. याहू ग्रुप्स २०२० च्या डिसेंबरमध्ये मिटलं. किती तरी मराठी छंदमंडळांचा अनेक वर्षांचा संवाद त्यांच्यासोबत गेला. स्वतःच्या वेबसाइटला हा धोका कमी, पण दुसरा आहे. ती काढणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला जातो, पत्त्याचं वार्षिक नूतनीकरण राहून जातं, आणि लोकांनी कष्टाने दिलेल्या नोंदी एका सकाळी दिसेनाशा होतात. त्यानंतर त्या गावात दुसऱ्या वेबसाइटला कुणी फोटो देत नाही. म्हणून सुरुवातीलाच पासवर्ड निदान तिघांकडे असावा, त्यांतला एक गावात कायम राहणारा. नूतनीकरणाची तारीख मंडळाच्या वहीत लिहिलेली असावी आणि सगळ्या मजकुराची प्रत दर सहा महिन्यांनी एका हार्ड डिस्कवर काढून ग्रामपंचायतीच्या वाचनालयात किंवा शाळेच्या कपाटात ठेवलेली असावी. नूतनीकरणाची रक्कम एका भिशीच्या हप्त्याहून जास्त नसते. ती सभासदांनी वर्गणी काढून भरली तर वेबसाइट एकाची न राहता मंडळाची होते, आणि पुढच्या वर्षी पैसे मागायला जाणाऱ्यालाही दारात उभं राहून नव्याने सगळं समजावून सांगावं लागत नाही.